चादरींच्या खोलीतला अभ्यास

९ जानेवारी

धाकटे,

पत्र बघून दचकू नकोस. सगळे जिवंत आहेत आणि तुझ्या भाऊजींची पाठ होती तशीच आहे. बातमी वेगळीच आहे. तुझी ताई पंचेचाळिसाव्या वर्षी परीक्षेला बसतेय. हसून झालं की पुढे वाच.

आमच्या हॉस्पिटलात नवा नियम आलाय. वॉर्डात रुग्णाला हात लावायचा असेल तर आयांनीसुद्धा जीवशास्त्राची परीक्षा पास व्हायची. बाहेरून बसता येतं, शाळा किती झाली ते कोणी विचारत नाही. एक लेखी पेपर, एक प्रात्यक्षिक, त्यातच तोंडी. पास होईल ती 'परिचारिका सहायक', नाही होणार ती एक जुलैपासून तळघरात, धुलाईला. मॅट्रनबाईंनी कागद वाचून दाखवला आणि वर म्हणाल्या, "मला कोणाला खाली पाठवायचं नाहीये, पण हा कागद माझ्यापेक्षा मोठा आहे."

धुलाई वाईट असं नाही. पण एकोणीस वर्षं मी मुलांच्या वॉर्डात आहे. सुई टोचताना पोर कसं धरायचं हे मला येतं, चादरी पिळणं कोणालाही येतं.

तर आम्ही तिघं अभ्यासाला बसतो. मी; ड्रेसिंगच्या खोलीतली एक पोरगी, वीस वर्षांची, तोंड मिटत नाही म्हणून सगळे तिला चिमणी म्हणतात; आणि गेटवरचे दरवानकाका. चिमणीचं माझ्यासारखंच, पास नाही तर तळघर. दरवानकाकांना परीक्षा-बिरीक्षा काही नाही. मी विचारलं, तुम्ही कशाला? तर म्हणाले, "आमची ही गेली तेव्हा डॉक्टर यकृत, यकृत म्हणत होते आणि मी मान हलवत होतो. यकृत कुठे असतं तेच मला ठाऊक नव्हतं. तेवढं कळेपर्यंत येतो."

दुपारी दोन ते तीन वॉर्ड झोपतो तेव्हा आम्ही चादरींच्या खोलीत जमतो. तिन्ही भिंतींना छतापर्यंत फळ्या, मध्ये इस्त्रीचं टेबल, टेबलावर पुस्तक. पुस्तक एकच, चिमणीच्या चुलतभावाचं, आणि त्यातला रक्ताभिसरणाचा अख्खा धडा गायब. त्याने पानं फाडून परीक्षेला नेली होती म्हणे.

म्हणून तुला लिहितेय. घरात प्रयोगशाळेतली बहीण असताना दुसऱ्याचं दार कशाला वाजवायचं? मी सगळ्यांना सांगून ठेवलंय की हीच परीक्षा माझ्या धाकटीने अठराव्या वर्षी दिलीय. तेव्हा कळव: हृदयाला कप्पे किती आणि त्यांची नावं काय, धमनी आणि शीर यांत फरक काय. परीक्षा चौदा एप्रिलला. लवकर लिही.

तुझी ताई


२८ जानेवारी

प्रिय ताईस,

स. न. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. प्रयोगशाळेत सध्या कामाचा ताण असल्याने उत्तरास उशीर झाला.

तुझी उत्तरे पुढीलप्रमाणे. हृदयाकडून रक्त घेऊन जाते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शीर. धमनीची भिंत जाड असते. हृदयाला तीन कप्पे असतात, दोन अलिंद आणि एक निलय. वर अलिंद, खाली निलय.

एक विचारू का? या वयात हे सगळे तुला झेपेल का? पाठांतर फार असते. प्रात्यक्षिकात बाहेरचे परीक्षक येतात आणि ते कोणाची गय करत नाहीत. धुलाईच्या कामात निदान डोक्याला ताप नाही, वेळेवर घरी जाता येईल. मॅट्रनबाईंशी बोलून पाहा. तुझ्या काळजीपोटीच लिहिते आहे.

भाऊजींना नमस्कार.

तुझी धाकटी


६ फेब्रुवारी

धाकटे,

स. न. वि. वि. कोणाला? मी काय वीज कचेरी आहे? पुढच्या पत्रात तसलं दिसलं तर न वाचता परत पाठवीन.

झेपेल का म्हणतेस, तर ऐक. तुझ्या पत्राने इथे महायुद्ध झालं. मी टेबलावर पत्र ठेवलं आणि वाचून दाखवलं, हृदयाला तीन कप्पे. चिमणी म्हणाली, "वॉर्डातले नवे डॉक्टर तर चार म्हणाले." मी म्हटलं, "डॉक्टर नवेच आहेत. माझी बहीण प्रयोगशाळेत जुनी आहे." ती चार म्हणे, मी तीन म्हणे. आवाज एवढे चढले की वॉर्डातलं एक पोर जागं झालं. शेवटी दरवानकाका म्हणाले, "भांडता कशाला? उघडून बघू."

दुसऱ्या दिवशी ते डब्यातून बोकडाचं हृदय घेऊन आले. खाटकाला म्हणे सांगितलं, शाळेला पाहिजे. ड्रेसिंगच्या ट्रेमध्ये ठेवून चिमणीने उभं चिरलं. मी बोट घालून मोजले. चार! तरी मी हार मानेना. म्हटलं, बोकड वेगळा असेल. दारातून नवे डॉक्टर वाकून बघत होते. म्हणाले, "मावशी, तीन बेडकाला असतात." तेव्हापासून चिमणी मला 'बेडूकमावशी' म्हणूनच हाक मारते.

तू घाईत बेडकाचं लिहिलंस, होय ना? कामाच्या रगाड्यात होतं असं.

अभ्यास मात्र जोरात आहे. एक फाटकी चादर मिळाली, तिच्यावर शिक्के मारायच्या काळ्या शाईने मी अख्खा माणूस काढलाय. पोट जरा मोठं झालं, मॅट्रनबाई म्हणाल्या आपले लेखनिक वाटतात. यकृत उजवीकडे, बरगड्यांखाली. दरवानकाकांनी त्याच्यावर हात ठेवला, बराच वेळ काढला नाही. मला वाटलं आता ते यायचे बंद होणार. पण दुसऱ्या दिवशी बरोबर दोनला हजर. आता आम्हाला प्रश्न तेच विचारतात, आणि उत्तर चुकलं की गेटवर थांबवल्यासारखा हात आडवा धरतात.

एकच अडचण आहे. प्रात्यक्षिकात सूक्ष्मदर्शक असतो आणि आम्ही तो कधी डोळ्यांनी पाहिलेला नाही. आमच्या तपासणी विभागात शिरू देत नाहीत. मला एक मार्चला दोन दिवसांची रजा आहे. मी आणि चिमणी तुझ्याकडे येतो. तुझ्या साहेबांना विचारून ठेव, कोपऱ्यातल्या एका यंत्रातून अर्धा तास बघू द्या म्हणावं. कशाला हात लावणार नाही. सतरा वर्षं झाली, तुझी प्रयोगशाळा एकदाही बघितली नाही मी!

तुझी ताई


१२ फेब्रुवारी

ताई,

एक मार्चला येऊ नका. प्रयोगशाळेत रंगकाम सुरू आहे आणि बाहेरच्या माणसांना आत घेत नाहीत. रंगकाम संपल्यावरही कडक नियम आहेत. मी साहेबांना विचारूही शकत नाही. माझी खोलीही लहान आहे, तुम्हा दोघींची गैरसोय होईल.

कृपया तिकिटे काढू नका.

धाकटी


२० फेब्रुवारी

स. न. वि. वि.

पत्र पोचलं.

रंगकाम संपल्यावरही कडक नियम, हे वाक्य मी दोनदा वाचलं. मग कळलं. आया बहीण, सुरकुतलेली साडी, सोबत बडबडी पोरगी, आणि तुझे पांढऱ्या कोटातले साहेब. मी तुझ्या जागी असते तर मलाही वाटली असती लाज, कोण जाणे. पण मी मुलांच्या वॉर्डात सगळ्यांना सांगून बसले होते की बहिणीकडे चाललेय. पाच नंबरच्या खाटेवरच्या मुलीने तर तिथून काय आणायचं तेही सांगितलं होतं.

यापुढे प्रश्न पाठवणार नाही. नवे डॉक्टर शिकवतात. तू तुझं काम सांभाळ.

ताई


११ मार्च

ताई,

मी प्रयोगशाळेत नाही. कधीच नव्हते.

आमच्या कारखान्याच्या नावात 'प्रयोगशाळा' हा शब्द आहे. पाटीवर मोठ्या अक्षरांत आहे. त्या पाटीच्या आत, तळमजल्यावर, मी खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांना लेबलं लावते. आता मशीन लावतं. मी तिरकी लागलेली काढून सरळ करते. सतरा वर्षं हेच करतेय. खरी प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर आहे. तिथे मी दोनदा गेलेय, दोन्ही वेळा पगारपत्रकावर सही करायला, कारण कारकून तिथे बसला होता.

आणि ती परीक्षा मी पास झालेले नाही.

तुला सगळं सांगते. प्रात्यक्षिकाला मेणाच्या ताटात बेडूक होता, चारही पाय टाचण्यांनी लावलेले. बेशुद्ध बेडकाचं हृदय चालू राहतं हे मला पुस्तकातून पाठ होतं. मी पोट नीट उघडलं, हात अजिबात थरथरला नाही. आत ते धडधडत होतं. परीक्षक समोर येऊन म्हणाले, "हृदयाला कप्पे किती? दाखव." तीन, हे मला माहीत होतं. नावंही माहीत होती. तोंडच उघडेना. मी नुसती त्याचे ठोके मोजत राहिले. ते म्हणाले, "पुढची." मी कात्री तिथेच ठेवली आणि बाहेर निघून आले. वहीसुद्धा तिथेच राहिली.

घरी आले तेव्हा तू दारात आईची चादर पिळत होतीस. तुझे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. तू विचारलंस, "झालं ना छान?" आईसाठी तू नववीतून शाळा सोडलीस आणि मी पुढे शिकले, ते सगळं त्या चादरीसारखं तुझ्या हातात पिळलेलं दिसलं मला. मी हो म्हटलं. उद्या सांगू असं ठरवलं होतं. नवव्या दिवशी आई गेली. मग निकाल कोणी विचारला नाही, तूच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतीस, धाकटी पास झाली. मी फक्त कधी नाही म्हटलं नाही. बावीस वर्षं.

तुझं जानेवारीतलं पत्र आलं तेव्हा मी जुन्या बाजारातून पुस्तक आणलं. पण हृदयाच्या प्रश्नाला पुस्तक उघडलंच नाही. तेवढं मला येतं असं वाटलं. हाताने आपोआप तीन लिहिलं.

तुला परीक्षेपासून अडवत होते तेही काळजीने नाही. तू पास झालीस तर माझं काय, असं वाटत होतं. हे लिहायला सगळ्यात जड गेलं.

लाज तुझी नव्हती वाटत, ताई. तू त्या पाटीखालून आत येशील आणि मला बाटल्या सरळ करताना बघशील, त्याची वाटत होती.

पत्र लिहिलं नाहीस तरी चालेल.

धाकटी


२० मार्च

धाकटे,

पत्र वाचून दोन दिवस मी कोणाशी धड बोलले नाही. आधी रागवून घेते, मग कामाचं लिहिते.

खोटं बोललीस याचा राग थोडा आला. जास्त राग याचा की ती चादर पिळत होते त्या दिवशी मी खूश होते. आई आतल्या खोलीत कण्हत होती आणि मी दारात खूश होते, एकीचं तरी झालं म्हणून. बावीस वर्षं ते उशाला घेऊन झोपले आणि तू आता उशी ओढून घेतलीस. तुझे भाऊजी म्हणाले, "तिने बावीस वर्षं ओझं वाहिलं, तुला दोन दिवसांत जड झालं?" ते महिन्यातून एकदा बोलतात आणि बोलतात तेव्हा नेमकं चीड येईल असं बोलतात.

आणि माझ्या पास होण्याने तुझं काय होणार होतं, ते मला अजून कळलेलं नाही. पण लिहिलंस ते बरं केलंस.

बाटल्यांचं म्हणशील तर मला त्यात लाजेचं काही दिसत नाही. तिरक्या लेबलाची बाटली मी वॉर्डात कधी बघितली नाही. ते असं आपोआप होत नसणार हे आता कळलं.

आता कामाचं. बाहेरून बसणाऱ्यांचे फॉर्म एकतीस मार्चपर्यंत घेतात, सगळीकडे तीच तारीख आहे, मी विचारून आलेय. तू फॉर्म भर. तुझ्या गावातल्या केंद्रावरच बसायचं. आता बेडूक देत नाहीत, फूल देतात कापायला. फुलात काही धडधडत नाही. तोंडी मात्र आहे, ती चुकत नाही.

वॉर्डात सुई टोचायची असते तेव्हा मी पोराला सांगते, "ओरड हवं तेवढं, पण हात हलवू नकोस." रडू नकोस असं मी कधीच म्हणत नाही, ते होत नसतं. तुलाही तेच सांगते. परीक्षकासमोर रड, ओरड, काय वाटेल ते कर. उठून जाऊ नकोस.

काल चादरींच्या खोलीत मी सरळ सांगून टाकलं. बहीण प्रयोगशाळेत नाही, लेबलांवर आहे, आणि नापास आहे. दरवानकाकांनी सगळ्यांना चहा ओतला. चिमणी म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखीच. मग बसू दे की तिलाही." फॉर्म भरल्याचं कळव. नाही भरलास तर मी खरंच तिकीट काढीन.

ताई


३० मार्च

ताई,

फॉर्म भरला. काल. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, "मुलीचा का?" मी म्हटलं, "माझाच."

आणखी एक केलं. दुसऱ्या मजल्यावर गेले. तिथे एक केमिस्टबाई आहेत, माझ्याहून लहान. मी त्यांना म्हटलं, मी सतरा वर्षं खाली लेबलांवर आहे, मला परीक्षेसाठी सूक्ष्मदर्शक बघायचाय. मला वाटलं हाकलतील. त्या म्हणाल्या, "सतरा वर्षांत आज आलात?" आणि जेवणाच्या सुट्टीत त्यांनी चार दिवस मला बसू दिलं.

तुम्हाला बघायला मिळालेला नाही म्हणून नीट लिहिते, चिमणीलाही वाचून दाखव. पहिल्यांदा काहीच दिसत नाही, काळ्या काड्या हलताना दिसतात. घाबरू नका, त्या आपल्याच पापण्या असतात. डोळा जरा मागे घ्यायचा. दुसरा डोळा मिटायचा नाही, उघडाच ठेवायचा, नाहीतर डोकं दुखतं. आधी भिंग काचेच्या अगदी जवळ आणायचं, पण ते डोळा लावून नाही, बाजूने बघत. मग डोळा लावून हळूहळू वर न्यायचं. उलटं केलंत तर काच फुटते. मी एक फोडली.

कांद्याचा पातळ पापुद्रा विटांच्या भिंतीसारखा दिसतो. त्यात जाड काळ्या कडेचे गोल दिसले तर पेशी म्हणून मोजू नका, ते हवेचे बुडबुडे आहेत. मी पहिल्या दिवशी नऊ मोजले होते.

सोबत आकृती पाठवतेय. आता माझे प्रश्न. मूत्रपिंडाच्या धड्यात मला काही उमजत नाही. गाळलं जातं ते परत का शोषलं जातं? तुमच्या चादरीवर ते कसं काढलंय?

तुझी धाकटी


१७ एप्रिल

धाकटे,

झाली एकदाची. मूत्रपिंडाचं मी तुला लिहिलं होतं ना, मॅट्रनबाई घाईत कपाट आवरतात तसं, आधी सगळं बाहेर ओतायचं आणि मग कामाचं परत आत ठेवायचं? तो प्रश्न आला! चिमणीने तेच लिहिलं, मॅट्रनबाईंचं नाव गाळून.

लेखी पेपरला आम्ही एका शाळेत बसलो, पाचवीच्या वर्गात. बाक एवढे लहान की माझे गुडघे फळीला घासत होते. पुढे-मागे सगळी सतरा-अठराची पोरं. एकाने मला पर्यवेक्षक समजून उठून उभं राहून नमस्कार केला. दरवानकाका सकाळपासून शाळेच्या फाटकाबाहेर बसून होते. तिथला शिपाई म्हणाला इथे बसू नका, तर म्हणाले, "मीही फाटकवालाच आहे, बसू दे."

शरीराचे प्रश्न मला आले. हृदय, यकृत, रक्त, भरभर लिहिलं. पण वनस्पतींचे प्रश्न निम्मे होते आणि आम्ही वनस्पतींकडे शेवटच्या आठवड्यात वळलो होतो. झाडांना कोणी सुया टोचत नाही, म्हणून मी तिकडे लक्षच दिलं नव्हतं. पान अन्न कसं तयार करतं हे लिहायला घेतलं आणि मध्येच अडकले. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा दोन प्रश्न कोरे होते.

प्रात्यक्षिक बरं गेलं. पापण्या दिसल्या आणि मी घाबरले नाही. चिमणीच्या शेजारच्या पोराने पेशी म्हणून बुडबुडेच काढून दिले, ती त्याला सांगायला तोंड उघडणार होती, मी डोळे वटारले.

तुझं काय? आठ दिवसांत तुझं पत्र नाही. बसलीस की नाही तेवढंच एका ओळीत लिही.

ताई


२६ एप्रिल

ताई,

बसले.

लेखी चांगलं गेलं. प्रात्यक्षिकाला परवा बोलावलं होतं. फूल मिळालं, ते उघडलं, भाग नीट मांडले. मग परीक्षक आल्या. बाई होत्या, चष्मा डोक्यावर. त्यांनी परागकोशावर सुई ठेवून विचारलं, "हे काय?" सोपं होतं. आणि ताई, तेच झालं. तोंड बंद. कान गरम झाले, त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाचा काटा तेवढा दिसत होता. त्या पुढच्या टेबलाकडे बघायला लागल्या.

मला उठावंसं वाटलं. पाय मागे सरकलेसुद्धा. मग मी म्हटलं, "बाई, मी बावीस वर्षांपूर्वी अशीच गप्प झाले आणि उठून निघून गेले होते. मला उत्तर येतं. मला दोन मिनिटं द्या."

आवाज मोठा आला असावा, कारण सगळा वर्ग वळून बघायला लागला. त्यांनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर ओढून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "पाणी प्या. मी त्या खिडकीपर्यंत जाऊन येते." खरंच गेल्या. खिडकीपर्यंत आठ पावलं, परत आठ. आल्यावर त्यांनी पाच प्रश्न विचारले. चार आले. पाचवा आला नाही, ते मी आला नाही म्हणून सांगितलं.

बाहेर आले तर पोरीबाळी आपापल्या आईच्या गळ्यात पडत होत्या. मी पायरीवर बसून थोडा वेळ रडले आणि दुपारच्या पाळीला कामावर गेले.

निकाल जूनमध्ये.

तुझी धाकटी


२१ जून

धाकटे,

निकाल लागला. चिमणी पास, बहात्तर गुण. मी नापास, चार गुणांनी.

दुपारी कळलं आणि चार वाजेपर्यंत मी सगळ्या वॉर्डाला सांगून मोकळी झाले. मॅट्रनबाईंना, डॉक्टरांना, झाडूवाल्याला, पाच नंबरच्या खाटेवरच्या मुलीलासुद्धा. असल्या गोष्टीला उशीर केला की जीभ जड होते, ते मी आता शिकलेय. ती मुलगी म्हणाली, "मग आता मला सुईच्या वेळी कोण धरणार?" मी म्हटलं, "चिमणी धरेल." ती म्हणाली, "ती फार बोलते."

वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू? एक जुलैला तळघरात जायचं. मी संध्याकाळी जाऊन बघून आले. तीन मोठी यंत्रं आहेत, वाफ आहे, खिडकी जमिनीलगत, तिच्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात. तिथल्या बायका बऱ्या वाटल्या. ऑक्टोबरात पुन्हा परीक्षा आहे आणि तोपर्यंत माझी जागा भरणार नाही असं मॅट्रनबाई म्हणाल्या. लिहून द्या म्हटलं तर हसल्या, पण लिहून दिलं.

दरवानकाका म्हणतात, दोनची वेळ तीच ठेवू, फक्त आता तळघरात येऊ. चिमणीही येणार म्हणते, पास झाली तरी.

तुझा निकाल लगेच कळव. मला बरं वाटावं म्हणून काही करू नकोस. जे असेल ते.

ताई


२५ जून

ताई,

तुझं पत्र आल्यावर मी आधी एक उत्तर लिहिलं होतं. त्यात मीही नापास झाले असं होतं. पाकिटात घातलं, पत्ताही लिहिला. मग खालच्या पेटीपर्यंत जाऊन परत आले आणि फाडलं. किती सहज लिहिलं गेलं ते, याचीच भीती वाटली.

मी पास झाले. अडुसष्ट गुण.

चार दिवस कोणाला सांगितलं नव्हतं, कारण आधी तुला सांगायचं होतं. वरची ओळ लिहून झाल्यावरच आज केमिस्टबाईंना सांगितलं. वर एक जागा होतेय, काचसामान धुण्याची आणि नोंदी ठेवण्याची. त्या माझं नाव देणार आहेत. मिळेल की नाही ठाऊक नाही. मिळाली तरी ती धुण्याचीच आहे, म्हणजे दोघी बहिणी धुलाईतच. मिळाली नाही तर लेबलं आहेतच.

माझी पंधरा दिवसांची रजा साठलीय, ती मंजूर झाली. शनिवारी सकाळच्या गाडीने येते. भाऊजींना आणायला पाठवू नकोस, त्यांची पाठ आहे. मी विचारत विचारत येईन. तू तळघरात असलीस तर घराची किल्ली दरवानकाकांकडे ठेव, मी त्यांना ओळखेन.

तुझी गुणपत्रिका समोर काढून ठेव. मला वाटतं सगळे गुण वनस्पतींतच गेलेत, तेव्हा पानापासून सुरू करू. रोज दोन ते तीन, आणि संध्याकाळी पुन्हा तासभर. मी विचारीन, तू उत्तर द्यायचं. चुकलीस तर चुकलं म्हणून सांगेन, आणि मला येत नसेल ते येत नाही म्हणून सांगेन.

तुझी धाकटी